मुलाला गोल्फमध्ये लवकरात लवकर प्रो कसं करावं?

तुमचा प्रश्न असा: मुलगा चौदा वर्षांचा, दोन वर्षं बेळगावात गोल्फ शिकतोय, हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. हौशी खेळाडूपासून टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेत, जिंकणाऱ्या प्रोपर्यंतचा रस्ता कसा असतो, आणि त्याला लवकरात लवकर प्रो कसं करता येईल?

रस्ता सांगतो. पण आधी त्या ‘लवकरात लवकर’बद्दल बोलू द्या. त्या घाईपायी माझी उमेदीची सहा वर्षं गेली आणि माझ्या सख्ख्या मामांशी सुरू झालेला वाद इतकी वर्षं उलटली तरी मिटलेला नाही.

प्रो होणं अजिबात अवघड नाही. रोख बक्षिसासाठी खेळलात की झालात प्रो, निदान माझ्या काळी तरी तसंच होतं. त्याला परीक्षा नाही, कुणाची सही नाही. अवघड आहे ते प्रो म्हणून घर चालवणं. पण बहुतेक आईबापांना वाटतं की प्रो म्हणजे वरचा वर्ग, पोरगा तिथं गेला की पास झाला. हे साफ चूक आहे. त्या दारातून आत कुणीही जातं, परत यायला मात्र अर्ज करून वाट बघत बसावं लागतं.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, रताळ्याच्या पट्ट्यात. मामा गोल्फ मैदानावर माळी होते. गवत कापायचं, पाणी मारायचं, उखडलेली माती परत बसवायची. १९९४ च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांचा असताना, सुट्टीत पोर उनाडक्या करेल म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. माझं काम चेंडू शोधायचं. खेळणारे बहुतेक फौजी अधिकारी, ते आम्हाला ‘आगेवाला’ म्हणायचे. पुढं पळायचं, चेंडू कुठं उतरतो त्यावर नजर ठेवायची, झाडीत गेला तर तिथं उभं राहून हात वर करायचा. आज बेळगावात गोल्फ मैदान म्हटलं की लोकांना बिबट्याच आठवतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात एका कामगारावर हल्ला करून तो त्या झाडीत शिरला, आजूबाजूच्या बावीस शाळा बंद ठेवल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, तरी कित्येक आठवडे त्याचा पत्ता लागला नाही. तसल्या झाडीत पावसाळ्यात लिंबाएवढा चेंडू शोधून मी वाढलो.

दोन-तीन वर्षांत खांद्यावर खेळणाऱ्याच्या काठ्यांची बॅग आली, कॅडी झालो. कॅडीला कुणी शिकवत नाही, तो बघून शिकतो. कुणाचा खांदा लवकर उघडतो, कुणाची पकड घट्ट होते, वारा खानापूरकडून आला की कुठला क्लब, म्हणजे काठी, बदलायचा, हे सगळं मला पाठ झालं होतं. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी त्यांचा जुना अर्धा सेट मला दिला. सोमवारी मैदानावर मेंबर नसत, त्या दिवशी आम्ही पोरं खेळायचो. अठरा वर्षांचा झालो तेव्हा मी पारपेक्षा, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, दोन-तीनच फटके जास्तीत फेरी संपवत होतो. सामान जुनं आणि बूट साधे कॅनव्हासचे, हे लक्षात घेतलं तर ते वाईट नव्हतं.

२००२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका शहरात कॅडींची स्पर्धा होती. क्लबाचं नाव सांगत नाही, त्यांचा दोष नाही. अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खळगे, एकच फेरी. मी ७२ फटके मारले आणि पहिला आलो. बक्षीस पाच हजार रुपये रोख, पाकिटात. एक फेरी बॅग वाहिली की मला पन्नास रुपये मिळत, म्हणजे ते पाकीट शंभर फेऱ्यांचं होतं. नाव पुकारलं तेव्हा मी लाजून मागंच उभा राहिलो. मामा पुढं झाले, दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि आतल्या खिशात घातलं. मृग लागायच्या आत आमच्या घरावर नवी मंगलोरी कौलं चढली.

तीन महिन्यांनी कर्नलसाहेबांनी मला हौशींच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धेला नेलं. प्रवेश फी त्यांनी भरली, फॉर्म त्यांनीच भरला. माझं शिक्षण दहावी, तेही मराठी माध्यमातून. इंग्रजी नियमांचा कागद घरात कुणाला वाचता येत नव्हता. रात्रीच्या रेल्वेनं गेलो. सकाळी टेबलापाशी नाव लिहून घेणारे गृहस्थ होते, त्यांनी सहज विचारलं, “याआधी कुठं काही जिंकलंस?” मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. “बक्षीस काय होतं?” “पाच हजार रुपये, साहेब.” “रोख?” “होय साहेब.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, बाळ, मग तू ॲमॅच्युअर राहिला नाहीस, तुला इथं खेळता येणार नाही. कर्नलसाहेबांना त्या पाकिटाचं माहीतच नव्हतं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्टेशनावर माझ्या हातातली गोल्फ बॅग त्यांनी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकून फलाटभर चालले. सहा वर्षं मी त्यांची बॅग वाहिली होती. तो फलाट मी विसरणार नाही.

पुढं कळलं ते जास्त बोचरं होतं. त्या काळच्या नियमात हौशी खेळाडूला रोख चालत नसे, पण ठरावीक मर्यादेपर्यंत वस्तू किंवा सामानाचं कूपन चालत असे. त्याच पाच हजारांचे बूट आणि चेंडू घेतले असते तर काही बिघडलं नसतं. खेळण्याआधी ‘मी रोख घेणार नाही’ असं लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. १९६५ मध्ये पी. जी. सेठींनी इंडियन ओपन ही प्रोही खेळतात ती मोठी स्पर्धा जिंकली ती हौशी म्हणूनच. ती स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. तेव्हा हौशी राहून मोठ्या स्पर्धेत खेळता येतं, फक्त पैशाला हात लावायचा नाही, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हौशी राहून काय मिळतं? मला जे मिळालं नाही ते सगळं मिळतं. हौशी गोल्फचा कारभार इंडियन गोल्फ युनियनकडे असतो. त्यांच्या ज्युनिअर आणि हौशी स्पर्धा देशभर, वेगवेगळ्या मैदानांवर होतात. तिथं नाव झालं की राष्ट्रीय संघाचं शिबिर, कोच, परदेश दौरे. अनिर्बान लाहिरी घ्या. जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, खेळ शिकला तो छावण्यांच्या मैदानांवर, म्हणजे आपल्या कॅम्पातल्यासारख्याच वातावरणात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तो हौशी म्हणून खेळला, संघाला रौप्य मिळालं, आणि २००७ मध्ये तो प्रो झाला. आशियाई टूरवरचा पहिला विजय २०११ मध्ये. २०१५ मध्ये मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन दोन्ही जिंकल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. प्रो झाल्यापासून तिथं पोचायला आठ वर्षं लागली, आणि त्याआधीची हौशी वर्षं वेगळी.

अदिती अशोकचं उदाहरण देऊन मला खोडू नका. ती २०१६ मध्ये प्रो झाली आणि त्याच वर्षी महिलांची इंडियन ओपन जिंकली, हे खरं. पण त्याआधी तिनं हौशी म्हणून किती खेळलंय बघा. २०१४ चे आशियाई खेळ आणि युवा ऑलिंपिक दोन्ही तिच्या पाठीशी होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये पदक एका फटक्यानं हुकून ती चौथी आली ती त्या पायावर.

माझ्याकडे तो पाया नव्हता. हौशींमध्ये मला प्रवेश नाही आणि प्रोंमध्ये उतरण्याइतके पैसे नाहीत, अशी सहा वर्षं गेली. कॅडींच्या लहानसहान स्पर्धा खेळत राहिलो. २००६ मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, सुरू झाली. तिचं कार्ड, म्हणजे तिथं खेळायचा परवाना, मिळवायला क्वालिफाइंग स्कूल नावाची निवड स्पर्धा असते. नाव स्कूल असलं तरी तिथं शिकवत काही नाहीत. शेवटच्या टप्प्यात चार दिवस, ७२ होल, आणि वरच्या ठरावीक खेळाडूंनाच कार्ड. २००८ साली सोसायटीचं कर्ज काढून मी गेलो. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ग्रीननं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीनं, मला मारलं. मी शिकलो तेव्हा छोट्या छावण्यांच्या मैदानांवर ग्रीनच्या जागी बऱ्याचदा ‘ब्राउन’ असत, वाळूत तेल कालवून दाबलेले. त्यावर चेंडू सरळ आणि सावकाश जातो. बारीक कापलेल्या वेगवान ग्रीनवर उतारही वाचावा लागतो आणि गवताचा कलही. चार फुटांचे सोपे पट, म्हणजे होलात चेंडू घालायचे हलके फटके, मी दोन-दोन फूट पुढं घालवले. माझ्याबरोबरची पोरं तसल्या ग्रीनवर चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून हौशी स्पर्धा खेळलेली होती. कार्ड तीन फटक्यांनी गेलं.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मुनियप्पानं गुडगावला इंडियन ओपन जिंकली. कोरियाच्या ली संगला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरवून. मुनियप्पा मुळात कॅडी. मामा सकाळी सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे आले, फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “हा पण बॅगाच वाहत होता की! यानं काय हौशी होऊन दाखवलं? तुझं तुला जमलं नाही, माझ्या पाकिटाला का नावं ठेवतोस?”

त्या दिवसापासून आमचा हा वाद. मामांकडे नावं भरपूर आहेत. अली शेर, दिल्लीचा कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रो, १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. शिवशंकर प्रसाद चौरासिया, कोलकात्याच्या मैदानावरच्या ग्रीनकीपरचा मुलगा. हे नाव मामा सर्वांत जास्त घेतात, कारण तो माळ्याच्या घरचा. महूचे मुकेश कुमार, तेही कॅडी, देशात शंभराहून अधिक स्पर्धा जिंकलेले.

मी त्यांना म्हणतो, मामा, वर्षं मोजा. चौरासिया १९९७ मध्ये प्रो झाला, युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली २००८ मध्ये, आणि आपली इंडियन ओपन २०१६ मध्ये. त्याआधी त्या स्पर्धेत तो चार वेळा दुसरा आला होता. मुकेश कुमारांनी आशियाई टूरवरचा पहिला विजय मिळवला २०१६ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्यांच्या जिद्दीपुढं मी हात जोडतो. पण एक्कावन्नावं वर्ष! हीच माणसं विशीत संघाबरोबर, कोचबरोबर, परदेशातल्या गवतावर खेळली असती तर? आणि मुनियप्पाच्या आगेमागे बॅगा वाहणारी जी शेकडो पोरं होती, त्यातली बाकीची कुठं गेली? त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत, म्हणून मामांना ती दिसत नाहीत. मला दिसतात, कारण त्यातला एक मी आहे.

आता पैशाचं सांगतो. पीजीटीआयवर एक कोटीची स्पर्धा असेल तर जिंकणाऱ्याला पंधरा लाख मिळतात. ऐकायला छान वाटतं. पण दोन दिवसांनी कट लागतो, साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे पुढं खेळतात. बाकीचे रिकाम्या हातानं घरी. प्रवेश फी, गाडीभाडं, आठवड्याची खोली, कॅडीचे पैसे, हे कट हुकला तरी द्यावेच लागतात, आणि असे आठवडे वर्षात वीसहून जास्त. कट पार करून तळाला आलेल्याचं जेमतेम भागतं. म्हणून प्रो व्हायच्या आधी निदान दोन वर्षांचा खर्च हाताशी हवा, जिंकण्याचा एक पैसाही न धरता. एवढं नसेल तर पोराच्या प्रत्येक पटवर घरभाडं बसलेलं असतं, आणि तसा पट आत जात नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

एकदा जिंकलं म्हणजे झालं असंही नाही. अर्जुन अटवाल १९९५ मध्ये प्रो झाला. अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय तोच, २०१० च्या विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये. पण त्या आठवड्यात त्याच्याकडे टूरचं कार्ड नव्हतं, हातातून गेलं होतं. सोमवारची पात्रता फेरी खेळून तो आत शिरला आणि रविवारी जिंकला. टूरवरचं जगणं असं आहे. उदयन मानेसुद्धा टोकियो ऑलिंपिकच्या यादीत थोडक्यात बाहेर होता, अर्जेंटिनाच्या एकानं माघार घेतली तेव्हा त्याला जागा मिळाली. आपल्या मराठी पोराचं नाव तिथं वाचून मी देवापुढं दिवा लावला होता.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. नियम बदललेत. १ जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूला एका स्पर्धेत एक हजार डॉलरपर्यंतचं बक्षीस रोख घेता येतं, पण फक्त हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट, न धरता खेळलेल्या स्पर्धेत. हँडिकॅप धरून खेळलेल्या स्पर्धेत रोख आजही चालत नाही, आणि आपल्याकडच्या क्लबांच्या बऱ्याचशा स्पर्धा हँडिकॅपवरच असतात. कुठलं पाकीट कुठल्या स्पर्धेतलं, हे बघूनच हात पुढं करा. आणि हौशीपण गेलं तरी ते परत मिळवता येतं, अर्ज करून ठरावीक काळ थांबावं लागतं. मला हे २०११ मध्ये कळलं, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा, लग्न झालेलं, मुलगी झालेली. २००२ मध्येच कुणी मराठीत सांगितलं असतं तर मी एक-दोन वर्षं थांबून परत त्या टेबलापाशी गेलो असतो.

मामांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगतो, नाहीतर अन्याय होईल. त्या वर्षी कौलं बदलली नसती तर आमची मागची भिंत पावसात पडली असती. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आणि कॅडीच्या पोराला हौशी राहणं परवडावं अशी सोय तेव्हा कुणी केलेली नव्हती. ज्यांना हे जमलं त्यांच्या मागं पगार होता. पण तुमच्या प्रश्नावरून दिसतंय की तुमच्या घरावर कौलं आहेत. मग घाई कशाची?

माझं म्हणणं एवढंच की मुलाला अठरा-एकोणीस वर्षांपर्यंत हौशी ठेवा. राज्याबाहेर खेळवा, पुण्याला खेळवा, बेंगळुरूला खेळवा, जिथं ग्रीन वेगवान असतील तिथं मुद्दाम न्या. राष्ट्रीय हौशी स्पर्धांत तो वरच्या दहांत सातत्यानं येऊ लागला की मग प्रोचा विचार. नाही आला तर शिक्षण हातात आहे, खेळ जन्मभर आहे. त्याचा हँडिकॅप काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो शून्याच्या जवळ नसेल तर या सगळ्या चर्चेला अजून दोन वर्षं अवकाश आहे.

मी आता गोल्फच्या काठ्यांच्या ग्रिप बदलून देतो आणि कॅडींच्या पोरांना शिकवतो. स्पर्धेचा कागद आला की आधी मी तो पूर्ण वाचतो, मराठीत समजावतो, मगच पोरं सही करतात. गेल्या वर्षी त्यातल्या एकाला हँडिकॅपच्या स्पर्धेत तीन हजार रोख देत होते. त्यानं सगळ्यांसमोर नको म्हटलं आणि बदल्यात बूट मागितले. मामा तिथंच बाकावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, अजूनही रविवारी येतात. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना एवढंच विचारलं, “बूट बरोबर मापाचे दिले का त्याला?”